रात्र काढण्यापुरती भूल

कुत्र्याच्या मागच्या पायाचे मोडलेले हाड दुपारी बारा वाजता बसवले आणि त्यासाठी तो पाय लिग्नोकेनने बधिर केला असेल, तर दोन वाजेपर्यंत पायातले दुखणे परत येते. त्या वेळी कुत्रे दवाखान्यात नसते. टेम्पोच्या हौद्यात पोत्यावर पडलेले असते, किंवा मोटारसायकलवर मागे बसलेल्या पोराच्या मांडीवर असते, आणि गाडी तवंदीचा घाट उतरत असते. लिग्नोकेनऐवजी ब्युपिव्हाकेन वापरले असेल तर चार ते सहा तास मिळतात. मग वेदना घरी पोचल्यावर, गोठ्यात दिवा लागायच्या सुमारास सुरू होते. दवाखाना बंद झालेला असतो, कंपाउंडर आपल्या गावी गेलेला असतो, आणि पुढचे दहा-बारा तास त्या कुत्र्याजवळ फक्त घरातला माणूस असतो.

हे पुस्तक त्या दहा-बारा तासांसाठी लिहिले आहे. कुत्र्याच्या शरीराचा एखादाच भाग, एक पाय, कमरेखालचे अंग, अर्धा जबडा, बधिर करण्याच्या पद्धती आता बऱ्याच पशुवैद्यांना माहीत आहेत. त्या बधिरपणाची मुदत कशी वाढवायची, किती वाढवायची आणि कुठे थांबायचे, हा पुढचा प्रश्न आहे. परदेशी ग्रंथांत त्याची उत्तरे आहेत. पण ती रात्रभर परिचारिका जागी असलेल्या, मॉर्फीन कपाटात असलेल्या रुग्णालयासाठी दिलेली आहेत. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर, बेळगाव या पट्ट्यात जनावर संध्याकाळी घरी जाते. भुलीची मुदत ठरवताना हे घरी जाणे पहिल्यांदा हिशेबात धरले पाहिजे, असे मी ठामपणे मानतो. पुढची सगळी प्रकरणे त्याच हिशेबाने रचली आहेत.

इथे येणाऱ्या जखमी कुत्र्यांची जातकुळी ठरलेली आहे. पुणे–बंगळूर महामार्ग कोगनोळीच्या टोलनाक्यापासून निपाणी, संकेश्वर, हत्तरगी करत बेळगावकडे जातो आणि मांडीची हाडे, कमरेचे खुबे मोडलेली कुत्री या रस्त्यावरून येतात. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉलीखाली सापडलेली आणि कोयत्याचा वार लागलेली येतात. खानापूरच्या जंगलाकडून रानडुकराने कूस फाडलेली येतात. धनगरांच्या तळावरची कुत्री मेंढ्या राखताना जखमी होतात आणि तळ हलायच्या आत त्यांना बरे व्हावे लागते. शहरातल्या घरांत लॅब्रॅडॉर आणि पॉमेरेनियन आहेत. त्यांच्यात स्तनांच्या गाठी, गर्भाशयातला पू, किडलेले दात हे दुखणे जास्त. एक्स-रेसाठी निपाणीचा माणूस चाळीस किलोमीटरवरच्या कोल्हापूरला जातो, नाहीतर पंच्याहत्तर किलोमीटरवरच्या बेळगावला. उपचार कुठेही झाला तरी परतीचा रस्ता आहेच.

ढोरांच्या बाबतीत आपला पशुवैद्य या कलेत मुळीच मागे नाही. वासरू अडले, अंग बाहेर आले, की शेपटीच्या मुळाशी सुई घालून म्हशीचा मागचा भाग बधिर करणे हे कुठल्याही तालुका दवाखान्यात रोजचे काम. तार गिळलेल्या गाईचे पोट ती उभी असतानाच कुशीतून उघडले जाते, तेही मणक्याच्या बाजूच्या नसा किंवा कातडीची रेघ बधिर करून. हाच हात कुत्र्याकडे वळला की मात्र सगळी भिस्त केटामीन आणि झायलाझीनवर जाते. कुत्रे निपचित पडते, ऑपरेशन पार पडते, सगळ्यांना हायसे वाटते. पण निजवणे आणि वेदना अडवणे ही दोन कामे आहेत. कुत्र्याला निजवावे लागतेच, ते म्हशीसारखे उभे राहून कापून घेत नाही. मात्र त्या झोपेच्या जोडीला तो भाग बधिर केला तर झोपेचे औषध कमी लागते, श्वास आणि रक्तदाब सांभाळले जातात, आणि जाग आल्यावर पहिली जाणीव आगीची नसते.

या शास्त्राच्या उगमाशी एक कुत्रेच आहे. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी डोळ्यात कोकेनचे थेंब घालून डोळ्याची शस्त्रक्रिया वेदनेविना करता येते हे दाखवले. दुसऱ्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये जेम्स लिओनार्ड कॉर्निंग यांनी एका तरुण कुत्र्याच्या पाठीच्या खालच्या मणक्यांच्या मध्ये कोकेनचे द्रावण सोडले. काही मिनिटांत त्याचे मागचे पाय लटके पडले, त्यांतली जाणीव गेली. पुढचे पाय जसेच्या तसे राहिले. काही तासांत कुत्रे पूर्ववत झाले. माणसाच्या कमरेत देतात त्या भुलीचा हा पहिला प्रयोग. माणसाच्या शस्त्रक्रियेत ती आणायला आणखी तेरा वर्षे लागली आणि ते काम जर्मनीत आउगुस्ट बिअर यांनी १८९८ साली केले.

कॉर्निंग यांचे दुसरे निरीक्षण आपल्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. बधिर केलेल्या हाता-पायाचा रक्तप्रवाह पट्टा आवळून थांबवला तर कोकेनचा परिणाम लांबतो, हे त्यांनी त्याच सुमारास नोंदवले. रक्त औषध धुऊन नेते. रक्त थांबले की औषध थांबते. १९०३ साली हाइनरिख ब्राउन यांनी पट्ट्याचे काम ॲड्रिनॅलिनकडून करून घेतले. औषधात त्याचा अंश मिसळला की जागच्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि औषध नसेपाशी रेंगाळते. भूल लांबवायचा विचार असा भुलीच्याच वयाचा आहे. पुढे १९०४–०५ मध्ये आल्फ्रेड आइनहॉर्न यांचे प्रोकेन आले, १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केले, आणि १९५७ साली तिथेच ब्युपिव्हाकेन. आपल्या दवाखान्यातल्या कपाटात आज या शेवटच्या दोन बाटल्या असतात आणि बहुतेक काम त्यांच्यावरच चालते.

त्या दोघींच्या मुदतीत फरक का, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नसेतून वेदनेचा निरोप जातो तो सोडियमचे कण नसेच्या आवरणातून आत शिरतात म्हणून. ही औषधे नसेच्या आत जाऊन सोडियमच्या वाटा आतल्या बाजूने बंद करतात. जे औषध चरबीत सहज विरघळते ते नसेत चांगले शिरते. जे प्रथिनांना घट्ट चिकटते ते वाटेवर जास्त वेळ बसून राहते. लिग्नोकेनचा साधारण दोन-तृतीयांश भाग प्रथिनांना चिकटतो, ब्युपिव्हाकेनचा ९५ टक्क्यांच्या आसपास. म्हणून पहिले तास-दोन तास टिकते आणि दुसरे चार ते सहा, कधी आठ तास. पू झालेल्या, सुजलेल्या जागी आम्लता वाढलेली असते. तिथे औषध नसेत शिरायच्या रूपात कमी राहते आणि भूल नीट लागत नाही. अशा वेळी जखमेत आणखी औषध ओतू नये. जखमेपासून दूर, नस जिथे निरोगी मांसातून जाते तिथे गाठावी. पुढच्या पायासाठी कोपराच्या वरच्या नसा, मागच्यासाठी मांडीच्या दोन मोठ्या नसा, आणि दोन्ही मागच्या पायांसाठी कमरेचा शेवटचा मणका आणि त्रिकास्थी यांच्यामधली फट.

ही फट बोटाने शोधायला कोणतेही यंत्र लागत नाही. अंगठा आणि मधले बोट खुब्यांच्या दोन उंचवट्यांवर ठेवले की तर्जनी आपोआप कमरेच्या सातव्या, म्हणजे शेवटच्या मणक्याच्या मागच्या खड्ड्यात जाते. बहुतेक कुत्र्यांत मज्जारज्जू त्याच्या अलीकडे संपलेला असतो, म्हणून ही जागा पाठीतल्या इतर जागांपेक्षा सुरक्षित. नसेला विजेचा सूक्ष्म धक्का देऊन ती ओळखणारे यंत्र आणि सोनोग्राफीत पाहून सुई नेण्याची पद्धत यांनी अचूकता फार वाढवली आहे. पशुवैद्यकीय महाविद्यालयांत ती शिकून घ्यावी. पण यंत्र नाही म्हणून कुत्र्याला वेदनेत ठेवायचे कारण उरत नाही. चिरेच्या रेघेतली भूल, नर कुत्र्याच्या नसबंदीत अंडकोशात दिलेली भूल, दातांच्या नसांची भूल आणि कमरेतली भूल या चार गोष्टी बोटे आणि सुई यांवर जमतात.

आता मुदत वाढवायच्या युक्त्या. पहिल्यांदा एका सवयीविषयी. लिग्नोकेन लवकर लागते, ब्युपिव्हाकेन उशिरा लागते पण टिकते, म्हणून दोन्ही एका सिरिंजमध्ये ओढावीत म्हणजे दोन्हींचे गुण मिळतील, ही समजूत फार जुनी आणि फार पसरलेली आहे. प्रत्यक्षात दोन्ही एकमेकांना पातळ करतात. भूल लागायची घाई थोडी साधते, पण ब्युपिव्हाकेनची मुदत घटते, आणि विषारीपणाची बेरीज मात्र होते. रात्र काढायची असेल तर नुसते ब्युपिव्हाकेन द्यावे आणि वीस-तीस मिनिटे थांबावे. तेवढ्या वेळात केस काढणे, जागा धुणे, हत्यारे मांडणे होते.

ॲड्रिनॅलिनचा फायदा लिग्नोकेनला भरपूर होतो. दर मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे दोन लाखांत एक, एवढे प्रमाण पुरते. ब्युपिव्हाकेन स्वतःच जागेवर चिकटून बसणारे असल्याने त्याला या मदतीचा फार उपयोग नाही. बोटांच्या भोवती, शेपटीच्या टोकाशी, कानाच्या कडेला ॲड्रिनॅलिन घालू नये. तिथला रक्तपुरवठा आधीच तोकडा असतो.

खरी भर पडते ती डेक्समेडेटोमिडीनसारख्या औषधांनी. हे मुळात गुंगीचे औषध. नसेपाशी दिले तर नसेला पुन्हा तयार व्हायला लागणाऱ्या वाटा ते अडवते, त्यामुळे आधीच दबलेली नस आणखी काही तास दबून राहते. वजनाच्या दर किलोला अर्धा ते एक मायक्रोग्रॅम इतकी सूक्ष्म मात्रा ब्युपिव्हाकेनमध्ये मिसळतात. याच घराण्यातले झायलाझीन आपल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात असते आणि त्याच्या अंगी स्वतःची थोडी बधिर करण्याची शक्तीही आहे. भारतातल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत कुत्र्यांच्या कमरेत लिग्नोकेनसोबत ते देऊन बराच अभ्यास झाला आहे. मात्र ही सगळी औषधे रक्तात शिरतात आणि हृदयाचे ठोके मंदावतात. स्टेथोस्कोप गळ्यात असेल आणि ठोके मोजणारा माणूस शेजारी असेल तरच त्यांना हात लावावा. डेक्सामेथासोनविषयी माणसांच्या शस्त्रक्रियेत खूप लिहिले गेले आहे. कुत्र्यांतला पुरावा अजून मोजका आहे, आणि त्या पुराव्यावर मी कोणाला ते रोज वापरायला सांगणार नाही.

मॉर्फीनची गोष्ट वेगळी. संरक्षक द्रव्य नसलेले मॉर्फीन दर किलोला ०.१ मिलिग्रॅम या मात्रेने कमरेच्या फटीत दिले तर बारा ते चोवीस तास वेदना दबते आणि पायातली शक्ती जात नाही. मांडीचे हाड मोडलेल्या कुत्र्यासाठी याहून चांगली रात्र नाही. पण १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याखाली त्याची नोंद, साठा, हिशेब सांभाळावा लागतो. २०१४ च्या दुरुस्तीने वाट सोपी झाली, तरी तालुक्याच्या पशुवैद्याच्या कपाटात ते क्वचितच पोचते. ब्युपिव्हाकेन मात्र ज्या गावात सिझेरियन होते त्या गावातल्या मेडिकलमध्ये मिळते. म्हणूनच वेदनाशमनाची चर्चा आपल्याकडे अफूच्या औषधांपासून सुरू करण्यात अर्थ नाही. ती बधिर करण्याच्या औषधांपासून, त्यांची मुदत ताणण्यापासून सुरू झाली पाहिजे. जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेने २०१४ साली वेदनेविषयी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही, अफूची औषधे मिळत नाहीत अशा देशांसाठी या भुलीवर भर दिलेला आहे.

मेडिकलचा उल्लेख आला म्हणून एक सावधगिरी इथेच लिहितो, पुढच्या प्रकरणाची वाट न पाहता. पोराला चिठ्ठी देऊन पाठवले तर दुकानदार बहुधा बाळंतपणाच्या पाठीतल्या इंजेक्शनचे 'हेवी' ब्युपिव्हाकेन देतो. त्यात साखर मिसळलेली असते. ते माणसाच्या मणक्यातल्या पाण्यात देण्यासाठी बनवलेले आहे. पायाच्या नसांसाठी आणि जखमेच्या रेघेसाठी साधे, साखर नसलेले हवे. चिठ्ठीवर तसे स्पष्ट लिहावे. तसेच लिग्नोकेनच्या पुन्हा पुन्हा टोचायच्या मोठ्या बाटलीत मिथाइलपॅराबेन हे संरक्षक असते. ती कातडीखाली चालते, मणक्याच्या फटीत नाही.

एकदा टोचून जे साधत नाही ते बारीक नळी ठेवून साधता येते. मोठ्या गाठी काढल्यावर किंवा पाय कापावा लागल्यावर टाके घालण्याआधी छिद्रे असलेली नळी जखमेत ठेवतात आणि तिच्यातून दर सहा-आठ तासांनी औषध सोडतात. उत्तम पद्धत, पण नळी घरी पाठवून भागत नाही; ती ओढली जाते, चावली जाते, तिच्यातून जंतू शिरतात. दवाखान्यात राहणाऱ्या जनावरांसाठीच ती ठेवावी. याच अडचणीवर अमेरिकेत वेगळा तोडगा निघाला. ब्युपिव्हाकेन चरबीच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत भरायचे. पिशव्या हळूहळू फुटतात आणि औषध थेंबाथेंबाने सुटत राहते. माणसांसाठी असे औषध २०११ मध्ये आणि कुत्र्यांच्या गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेसाठी 'नोसिटा' या नावाने २०१६ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने मान्य केले. टाके घालताना थराथरात ते सोडले की ७२ तासांपर्यंत परिणाम राहतो. सीमाभागातल्या दवाखान्यात ते आज हाताशी नाही, पण दिशा कळावी म्हणून त्यावर एक लहान प्रकरण दिले आहे.

मुदत वाढवण्याच्या उत्साहात मात्रा वाढवू नये. हे वाक्य पुस्तकात जागोजागी येईल आणि ते मुद्दाम आहे. ब्युपिव्हाकेनची कुत्र्यातली कमाल मात्रा दर किलोला २ मिलिग्रॅम धरावी. अर्धा टक्का द्रावणात दर मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम असतात. म्हणजे वीस किलोच्या कुत्र्याला ८ मिलिलिटर, आणि तीन किलोच्या पॉमेरेनियनला फक्त १.२ मिलिलिटर. लहान कुत्र्यांचे अपघात इथेच होतात. हाताला पाच मिलिलिटरच्या सिरिंजची सवय असते. हे औषध चुकून शिरेत गेले तर हृदयाच्या सोडियमच्या वाटाही बंद करते आणि तिथून लवकर सुटत नाही. माणसांत अशी हृदये बंद पडल्याचा इशारा १९७९ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज ऑलब्राइट यांनी दिला होता. म्हणून सुई टोचल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना हे पाहायचे, औषध सावकाश सोडायचे, थोडे सोडून पुन्हा ओढून पाहायचे. पट्टा आवळून शिरेतून पाय बधिर करण्याच्या बिअर यांच्या पद्धतीत फक्त लिग्नोकेन चालते; ब्युपिव्हाकेन कधीही नाही.

आणि विपरीत झालेच तर? वीस टक्के चरबीचे सलाईन, जे रुग्णालयात अन्न न घेऊ शकणाऱ्या माणसांना देतात, ते शिरेतून दिले की औषध हृदयापासून ओढले जाते. गाय वाइनबर्ग यांनी हे आधी उंदरांत आणि २००३ मध्ये कुत्र्यांत दाखवले. बंद पडलेली हृदये पुन्हा चालू झाली. आज जगभरच्या ऑपरेशन थिएटरात माणसांसाठी ही बाटली ठेवलेली असते आणि त्यामागे त्या कुत्र्यांचे प्राण आहेत. जिथे ब्युपिव्हाकेनची बाटली आहे तिथे चरबीच्या सलाईनची बाटली असावी, असा माझा आग्रह आहे; परवडण्याचा मुद्दा इथे मी मान्य करत नाही.

आपल्या भागातला आणखी एक धोका परदेशी पुस्तकांत ठळकपणे येत नाही. गोचीड. तपकिरी गोचिडीमुळे होणाऱ्या एर्लिकिया तापात रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात आणि रक्त गोठत नाही. अशा कुत्र्याच्या कमरेच्या फटीत सुई गेली आणि आत रक्त साचले तर मज्जातंतूंवर दाब येतो. हिरड्या पांढऱ्या, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके, नाकातून रक्त यांपैकी काहीही दिसले तर कमरेतली भूल टाळावी आणि पायाच्या नसांकडे वळावे. तसेच महामार्गावरून आलेले, रक्त गेलेले कुत्रे. कमरेतल्या भुलीने मागच्या भागातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब आणखी उतरतो. आधी सलाईन, मग विचार. खुबा मोडलेला असेल तर बोटाने शोधायच्या खुणाच जागेवर नसतात, हेही ध्यानात ठेवावे.

मुधोळच्या कुत्र्यांवर मी वेगळे प्रकरण लिहिले आहे आणि ते लिहिताना मला सर्वांत आनंद झाला. बागलकोट जिल्ह्यातले मुधोळ बेळगावपासून दूर नाही. घोरपड्यांच्या त्या संस्थानात मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची पैदास जपली. तिथे आज कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे, २००५ साली टपाल तिकिटावरही हे कुत्रे आले. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या वाड्यावस्त्यांवर ते कारवानी म्हणून पाळले जाते, जत्रेत पळवले जाते. लांब पाय, खपाटीला गेलेले पोट, अंगावर चरबी जवळजवळ नाही. ग्रेहाउंडसारख्या अशा पळणाऱ्या कुत्र्यांवर थायोपेंटोनची गुंगी फार वेळ रेंगाळते हे पशुवैद्यकात चांगले ठाऊक आहे: औषध साठवायला चरबी नसते आणि यकृत ते सावकाश मोडते. अंग लवकर गारही पडते. ज्या कुत्र्याला झोपेचे औषध जितके कमी द्यावे तितके चांगले, त्या कुत्र्याला भाग बधिर करण्याचा लाभ सर्वांत मोठा. शिवाय त्याच्या मांडीवरचे मांस इतके रेखीव असते की शिकणाऱ्याच्या बोटाला खुणा लगेच लागतात.

पुस्तकातला तिसरा भाग डॉक्टरांसाठी नाही, मालकांसाठी आहे. बधिर पाय घरी पाठवणे ही मालकावर टाकलेली जबाबदारी आहे. कुत्रे उठते, पंजा उलटा पडतो आणि ते तो सिमेंटवर घासत चालते. कातडी सोलली तरी त्याला कळत नाही. म्हणून पंजाला मऊ पट्टी आणि जमिनीवर गोणपाट. बँडेज घट्ट झाले, बोटे सुजली, तर दुखून रडणारे कुत्रे आपल्याला सांगते. बधिर पायाचे कुत्रे सांगत नाही. घरातल्या माणसाने दर दोन तासांनी बोटे हाताने पाहावीत, गार लागली तर बँडेज सैल करावे. कमरेत मॉर्फीन दिलेले कुत्रे कधी कधी लघवी अडवून धरते. सकाळपर्यंत झाली नाही तर फोन करावा. भूल उतरायच्या आधीच मेलोक्सिकॅमचा परिणाम सुरू झालेला हवा, म्हणून त्याची वेळ डॉक्टरांनी कागदावर लिहून द्यावी. घरातली माणसांची आयब्युप्रोफेनची गोळी देऊ नये. कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडांना ती जाळते.

"पाय दुखला म्हणजे कुत्रं तो टेकवत नाही, हाड नीट जुळतं," हे मालक सांगतात आणि काही जुने डॉक्टरही सांगत आले आहेत. वेदना ही नैसर्गिक खपच्ची, असा तो विचार. खपच्चीचे काम खपच्चीने करावे. वेदनेतले कुत्रे झोपत नाही, खात नाही, टाके चावते, आणि सतत येणाऱ्या वेदनेच्या निरोपांनी त्याचा मज्जारज्जूच चढा होतो. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये हे दाखवून दिले. पुढे साधा स्पर्शही दुखतो. पहिल्या रात्री नस शांत ठेवली तर हा चढ लागतच नाही. मुदत वाढवण्यामागचे मुख्य कारण हेच आहे.

वेदना ओळखायची कशी? ग्लासगो विद्यापीठात तयार झालेली मोजपट्टी पुस्तकात मराठीतून समजावली आहे. कुत्रे कण्हते का, जखमेकडे वळून पाहते का, उठायला लावले तर कसे उठते, जखमेच्या दोन इंचांवर दाबले तर काय करते, असे प्रश्न. एकूण २४ गुण. सहा किंवा जास्त झाले की औषध द्यावे. जे चालू शकत नाही त्याचे २० पैकी मोजायचे आणि पाचावर औषध द्यायचे. चौथी शिकलेला माणूसही ही मोजपट्टी भरू शकतो, फक्त तिच्यातला प्रत्येक प्रश्न त्याच्या बोलीत विचारायला हवा. निपाणी-चिकोडीकडे मालक मराठीतून सुरू करतो आणि कन्नडमधून संपवतो, म्हणून परिशिष्टात प्रश्न दोन्ही भाषांत दिले आहेत.

ज्यांना मालकच नाही त्यांच्याविषयी लिहिल्याशिवाय ही प्रस्तावना पुरी होत नाही. २००१ चे आणि नंतर २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना त्यांच्या जागी सोडायला सांगतात. आपल्या देशात कुत्र्यांवर होणाऱ्या पोटाच्या शस्त्रक्रियांचा मोठा वाटा हाच. शिबिरात एकामागून एक माद्या टेबलावर येतात, कुशीतून किंवा पोटाच्या मध्यरेषेतून गर्भाशय काढले जाते, आणि त्या पिंजऱ्यात परत जातात. त्यांच्या कण्हण्याची नोंद कोणी ठेवत नाही. इथे चिरेच्या रेघेत ब्युपिव्हाकेन देणे इतके सोपे आहे की ते न देण्याचे समर्थन मला सापडत नाही. पंधरा किलोच्या मादीला अर्धा टक्क्याचे ६ मिलिलिटर, तेवढेच सलाईन घालून बारा करावे, आणि टाके घालताना रेघेच्या दोन्ही बाजूंना थराथराने सोडावे. एक मिनिट जास्त लागतो. बीजांडकोशाची दोरी ओढताना सर्वांत तीव्र वेदना होते, म्हणून तिथे आधी थोडे लिग्नोकेन शिंपडावे. मात्र मग ब्युपिव्हाकेन तेवढे कमी करावे; दोन्ही औषधांची एकूण बेरीज कमाल मर्यादेत बसते ना, हे वजन पाहून ठरवावे.

या पुस्तकाच्या शेवटी एक कोरा तक्ता आहे. त्यात वजन, औषध, मात्रा, टोचण्याची जागा हे रकाने नेहमीचेच. मी दोन जादा घातले आहेत. एक, बोट चिमटल्यावर कुत्र्याने पाय पहिल्यांदा कधी ओढला. दुसरा, ती वेळ कोणी पाहिली, डॉक्टरांनी की घरच्यांनी. आपल्या हवेत, आपल्या कुत्र्यांत, आपल्या हातांनी दिलेली भूल किती वेळ टिकते, हे या दोन रकान्यांवरून कळेल. भरलेले तक्ते तालुक्यातल्या तालुक्यात एकमेकांना दाखवावेत, कागलकडच्यांनी निपाणीकडच्यांना आणि चिकोडीकडच्यांनी अथणीकडच्यांना. पुढच्या आवृत्तीतल्या मात्रा मला त्यांच्या आधाराने तपासायच्या आहेत.